आकाशगंगेचा तंबू

करडी,
१५ डिसेंबर २०२४

चि. सुगत यास,
ताईचा सप्रेम जय भीम, वि. वि.

फोनवर तू ‘हो ताई, हो ताई’ करत लगेच मोकळा होतोस, म्हणून पत्र लिहिते. आपल्या बांध्यांमधलं धान निघालं, भाऱ्यांचे पुंजणे रचून झाले. आई म्हणते, नागपूरला राहून पोरगं बारीक झालं असेल. मी म्हटलं, तो नाही, त्याचं घरी येणं बारीक झालं.

आता कामाचं. शाळेतल्या पोरांना आत बसवून तारे दाखवायचा आपला तारांगणाचा तंबू दिवाळीपासून तुझ्याकडे दुरुस्तीला आहे. वरठी, आंधळगावच्या शाळा मला विचारून राहिल्या. मागच्या वेळी सहावीतल्या पोरीनं विचारलं होतं, आकाशगंगेचा फोटो कोणी काढला? ते उत्तरही मी आता खेळासाठी माझ्या आवाजात भरून पाठवलं आहे. बाहेर जाऊन फोटो कुणीच काढलेला नाही. आपण तिच्या आतच राहतो. करडीच्या बाहेर पाऊल न टाकता करडीचा नकाशा काढावा, तशी ती सगळी चित्रं. आणि सूर्य आपल्याला घेऊन तिच्या मध्याभोवती फिरतो, एका फेरीला वीस-बावीस कोटी वर्षं. तू त्याच्याहून लवकर ये.

आईचा आशीर्वाद. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
दीपाताई


नागपूर,
२४ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सुगतचा सा. जय भीम, वि. वि.

टोमणा पोहोचला. तंबूचा पंखा अजून नीट हवा भरत नाही, शाळांना थोडं थांबायला सांग. मी कामाला आहे तिथल्या मालकांनी तंबूतला आपला खेळ पाहिला. ते म्हणाले, या बाईंच्या आवाजावर कोणाचाही विश्वास बसेल. खेळ मोठा करायचं त्यांच्या मनात आहे, मलाही भागीदार करतील. बाकी भेटल्यावर सांगतो. तू उगाच काळजी करत बसशील.

आईला सांग, जेवतो. दोघींची माया अशीच राहो.
तुझा,
सुगत


करडी,
१९ जानेवारी २०२५

सुगत,
जय भीम.

शेजारच्या कुंताबाईची रुपा तुला माहीत आहे. सिकलसेलची पोरगी, गोळ्या चुकल्या की हाडं ठणकतात. मागच्या आठवड्यात तिला भंडाऱ्याला भरती केलं. मी पाहायला गेले तर बोटात निळ्या खड्याची अंगठी. कुंताबाईनं सांगितलं, मोहाडीला तंबूत घेतली. विकणारा म्हणाला होता की हा खडा घातला की गोळ्यांची गरज नाही. मी चिडले, असं कोणी म्हटलं तरी ऐकायचं का? तशी ती म्हणाली, बाई, आवाज तुझाच होता ना वो. मंग मी कायले शंका घेऊ?

मला आधी समजलंच नाही. तंबू आपलाच, आवाज मी भरून दिलेला, हे समजलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले.

काल तोच तंबू आंधळगावच्या बाजारात लागला होता. मी आत जाऊन बसले. माझा आवाज सांगत होता, आकाशगंगेच्या मधोमध चाळीस लाख सूर्यांइतकं जड कृष्णविवर आहे. तिथे माझं वाक्य तोडलेलं. पुढे पुरुषाचा आवाज: त्याची ओढ तुमच्या राशीवर पडते, बाहेर खडे ठेवले आहेत.

मी उभी राहिले. म्हटलं, तो आवाज माझा आहे, खड्याचं बोलणं माझं नाही. ते विवर इतकं दूर आहे की तिथून निघालेला उजेड इथे यायला सव्वीस हजार वर्षं लागतात. तुमच्या शेजारी जो माणूस बसला आहे ना, त्याची ओढ तुमच्यावर त्या विवरापेक्षा जास्त आहे. खडा नका घेऊ, औषध नका सोडू.

दिवे लागले तेव्हा तारे दाखवायच्या यंत्रापाशी तू दिसलास. मालकानं तुला विचारलं, ही बाई कोण? आणि तू म्हणालास, या बाईले मी नाही ओळखत, बाहेर काढा.

शाळेची पोरं मला ओळखत होती. बाजारातला बाबुलाल चहावाला ओळखत होता. त्यानंच मला हाताला धरून बाहेर आणलं. तरी दोघा-तिघांनी खडे घेतलेच.

तंबू गेला, त्याचं मला वाईट वाटत नाही. तो पुन्हा शिवता येईल.
दीपमाला


नागपूर,
२८ जानेवारी २०२५

ती. ताई,
सा. जय भीम.

मालक बाजूलाच उभे होते. तोंडातून निघून गेलं. खडे विकणार हे मला आधी माहीत होतं, ते लपवत नाही. वाटलं, तारे तर खरेच दाखवतो, पुढचं ज्याचं त्यानं पाहावं. रुपाचं ऐकून दोन दिवस जेवलो नाही. तुझा आवाज मी खेळातून काढायला लावला आहे. आता दुसरी बाई बोलते. मी घरी येऊ का? आईला काय सांगितलंस?

तुझ्या मायेवर हक्क सांगत नाही.
सुगत


करडी,
९ फेब्रुवारी २०२५

सुगत यास,
जय भीम.

रुपा घरी आली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. अंगठी कुंताबाईनं काढून फेकली, पण माझ्याकडे ती अजून मान वर करून पाहत नाही. पोरीला काही सांगायला गेले की म्हणते, डॉक्टरांनाच विचारू. तिचं चूक नाही.

दुसऱ्या बाईच्या आवाजावर तेच खडे विकणं चालू आहे, आणि तू ते मला दिलासा म्हणून लिहितोस! मोहाडीला मी पोलिसांत तक्रार दिली आहे. त्यात मालकाचं नाव आहे, तुझंही आहे. कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

घरी ये. घर आईचं आहे. आंधळगावला तू काय बोललास ते मी तिला सांगितलं नाही. ती रोज विचारते, बहीणभाऊ भांडले काहून? ते तू तिच्यासमोर बसून तुझ्या तोंडानं सांग. मग मी पण तुमच्यासोबत जेवायला बसेन.

दीपमाला