हिराजी दाजींच्या घड्याळाला वाढतं लॉक बसवण्याबाबत

मी रघुनाथ शिवा मोकल, वय वर्षे पंचवीस, धंदा घड्याळ दुरुस्ती, मूळ राहणार मौजे खारवाडी, तालुका पेण, जिल्हा रायगड, सध्या राहणार मस्कत, रुवी बाजारामागची इमारत, एका खोलीत सहा जण, त्यातला खिडकीजवळचा पलंग माझा, असा मी हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही. दारू प्यालेलो नाही, सोबत राहणाऱ्या सलीमने तोंडाचा वास घेऊन खात्री केली आहे. शिक्षण सहावी पास. सातवीत दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, तरी अक्षराच्या चुका वाचणाऱ्याने मनातल्या मनात नीट करून घ्याव्यात.

कारण असे की येत्या मंगळवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतो, असली चार तर मी रोज करतो. तरी इस्पितळाने एका कागदावर सही घेतली. शुद्धीवर नाही आलो तर त्यांची जबाबदारी नाही, असं त्यात आहे. नर्स म्हणाली, "डरने का नहीं, सबसे लेते हैं." मी घाबरलेलो नाही. पण त्यांनी त्यांचा कागद केला, मग माझा पण एक असावा. पेणला कचेरीबाहेर बसून लिहिणारे मी पाहिलेले आहेत. कलमं घालून लिहिलं की माणसं गुपचूप ऐकतात, म्हणून मी पण कलमं घालतो.

कलम १. या कागदाप्रमाणे सगळं करून घेण्याचा अधिकार मी रोह्याच्या स्टेशन रोडवरचे घड्याळवाले दिनानाथशेठ यांना देतो. त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. हे वाचून ते म्हणतील, "या गाढवाला मीच सापडलो काय?" होय शेठ, तुम्हीच. का ते पाचव्या कलमात आहे. तिथपर्यंत चष्मा काढू नका.

कलम २. बँकेच्या पुस्तकात जे काय असेल ते माझी आई गोदूबाई हिचं. आईने ते घरात घालू नये, कोणाच्या लग्नात देऊ नये. तिला एकदा आगगाडीने लांब कुठेतरी जायचं होतं. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे झाली आहे म्हणतात. जिथपर्यंत जाते तिथपर्यंत जाऊन यावं, खिडकीशी बसावं.

कलम ३. बाबांच्या घराला लागून मी जी खोली बांधली, सिमेंटचे पत्रे घातलेली, ती माझी थोरली बहीण सरू हिच्या नावे. किल्ली तिच्याकडेच राहील. ताई, तू माहेरी येशील ती पाहुणी म्हणून नाय, तुझ्या खोलीत येशील. बाबांनी तिथे जाळी आणि वल्ही ठेवली असतील तर काढून घ्यावीत.

कलम ४. माझी हत्यारं म्हणजे पिना काढायचा सेट, दोन चिमटे, डोळ्याचं भिंग, सहा स्क्रू-ड्रायव्हर आणि पितळी हातोडी ही दिनानाथशेठांची मुलगी पूजा हिला द्यावीत. दुकानात ती नुसती पावत्या फाडायला बसायची, पण बारीक पिन माझ्या आधी तिला दिसायची. शेठ तिला टेबलावर बसू देत नव्हते. आता बसवावं. तिचं लग्न झालं असलं तरी हत्यारं तिचीच, आणि झालं नसलं तर हे कलम शेठनी दोनदा वाचावं.

दाजींचे काका, ज्यांची गोष्ट पुढे येते, त्यांना मी काही देत नाही. एक नमस्कार देतो, तोही लांबून.

कलम ५. हे कलम खरं सांगण्यासाठी आहे. हे बाबांना वाचून दाखवावं. हा कागद घेऊन गावी निघालेल्या सलीमने वाचावं, त्याचा आवाज मोठा आहे आणि तो मध्ये रडत नाही.

सरूताईचं लग्न मे ब्याण्णवचं. जावयाला मांडवात घड्याळ घालायचं असतं. बाबा जन्मभर मिठागरावर राबलेले, त्यांनी ठरवलं की घड्याळ द्यायचं तर स्टीलच्या चेनचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दिनानाथशेठांकडे कामाला. त्याआधी वीटभट्टी, वडखळचं हॉटेल, पेणचा गणपतीचा कारखाना, ट्रकवर क्लीनर असं सगळं करून सोडलेलं. घरच्यांना आनंद, की घड्याळही आपल्या पोराच्या हातचं.

साखरपुडा जानेवारीत झाला. तिथे मी हिराजी दाजींच्या मनगटाला दोरा गुंडाळून माप घेतलं. दुकानात येऊन चेनच्या दोन कड्या काढल्या, अगदी फिट केलं. शेठ माप बघून म्हणाले, "नवरा काय करतो?"

"मिठावर हाय."

"मग मेपर्यंत त्याचं मनगट हे माप सोडणार. कड्या पुडीत बांध आणि मांडवात घेऊन जा."

मी व्हय म्हटलं. मनात म्हटलं, हात म्हणजे काय भाकरी हाय फुगायला? त्याच आठवड्यात निडी गावचं एक गिऱ्हाईक आलं, त्याची चेन तुटलेली, त्याच कड्या त्याला लावून दिल्या.

मी मिठागरवाल्याचा पोरगा. जानेवारीत हात सुकलेले असतात, मेपर्यंत मीठ ओढून ओढून मनगटं जाड होतात, सुजतात, हे मी जन्मापासून बघतोय. आई दर उन्हाळ्यात बाबांच्या हातातला काळा दोरा सोडून सैल बांधायची. हे मला तेव्हा आठवलं नाही. मी स्वतःला मिठातला समजतच नव्हतो. मेकॅनिक समजत होतो.

मांडवात घड्याळ लागेना. दाजी हात पुढे करून उभे, मी दोन्ही टोकं ओढतोय, बोटभर फट काही मिटेना. चामडी चिमटून रक्त आलं. वाजंत्री थांबली. दाजींचे काका ओरडले, "अरं, घड्याळ नवऱ्याला आणलंय का पाळण्यातल्या पोराला?" सगळा मांडव हसला. दाजी हळू म्हणाले, "राहू दे रघू." मी राहू दिलं नाही, अजून ओढलं, तर पिनच निसटून माझ्या हातात आली.

बाबांनी विचारलं, "काढलेल्या कड्या कुठं हायत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "शेठनी ठेवून घेतल्या. मागून पण दिल्या नाय."

हे खोटं होतं. बाबांनी भर मांडवात दिनानाथशेठांना चोर म्हटलं आणि आमच्या गावाचं एकही घड्याळ पुन्हा त्यांच्या दुकानात गेलं नाही. शेठना चार दिवसांत कळलं. मला त्यांनी काढलं नाही. ते एवढंच बोलले, "मी कोणाला सांगणार नाय. तू तुझ्या बापाला सांग आणि ये कामाला. तुझ्या हातात कसब हाय रघू, पण बूड एका जागी टिकत नाय." मी सांगितलं नाही आणि कामालाही गेलो नाही. वर्षाच्या आत इथे आलो. गावात म्हणतात रघू नशीब काढायला गेला. मी त्या मांडवातून पळालो होतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दिवाळसणाला काकांनी परत घड्याळाचा विषय काढला आणि दाजी चिडून चार माणसांत बोलून गेले, "ते घड्याळ मनगटात बसंल तवाच सासऱ्याच्या उंबऱ्यात पाय ठेवीन." बाबा पण कमी नाहीत. "दिलेलं घड्याळ हातात घालूनच जावयानं यावं, नायतर येऊच नये." तेव्हापासून दाजी आले नाहीत. ताई एकटी येते, दोन दिवस राहते, जाते. आमच्या बांधावरून तिच्या घराची कौलं दिसतात, मध्ये फक्त खाडी. तिने मला लिहिलं होतं, "दोघं एकच बोलतात रे रघ्या, पण भांडून बोलतात."

तिने खटपट केली. दुसऱ्या घड्याळाच्या कड्या लावून आणल्या, रंग वेगळा दिसला, काका म्हणाले ठिगळ. वर पावसाळ्यात मनगट उतरलं तेव्हा घड्याळ कोपरापर्यंत जायला लागलं, म्हणून त्या पण काढल्या. चामड्याचा पट्टा मिठाच्या पाण्यात टिकत नाही. घड्याळ ताईच्या पेटीत शालूत गुंडाळून पडलं आहे.

बाबा, यात दाजींची चूक नाही, शेठची तर नाहीच. कड्या मी घालवल्या आणि नाव दुसऱ्याचं घेतलं. हे फोनवर सांगता आलं असतं. किराणा दुकानातल्या फोनवर तुम्ही ओरडून बोलता, सगळा गाव ऐकतो, असं कारण मी मनाला देत आलो. खरं म्हणजे जीभ उचलत नव्हती.

कलम ६. मागच्या वर्षी इथल्या आमच्या दुकानात बंदरावरचा पाणबुड्या आला, जहाजाचं बूड साफ करणारा. त्याच्या घड्याळाच्या चेनचं लॉक मी खोललं आणि बघतच बसलो. आत पत्र्याचं एक जादा पान दुमडलेलं. नखाने उचललं की चेन बोटभर लांब होते, परत दाबलं की आखूड. रबरी कपड्यावरून घालता यावं म्हणून केलेलं. मी त्याला म्हटलं, हे आमच्या मिठागरासाठी आहे. त्याला काही कळलं नाही. तसलं सुटं लॉक मी बाजारात पाच शुक्रवार शोधलं. मांडवात निसटलेली पिन मी पाकिटात ठेवली होती, तिच्यावरून रुंदी जुळवली. ते लॉक या कागदासोबत सलीमकडे दिलं आहे. ते दाजींच्या घड्याळाला बसवायचं.

शेठना शिकवायला नको, पण पूजा बसवणार असेल तर तिच्यासाठी लिहितो. चेन मऊ फडक्यावर पालथी घालावी. जुन्या लॉकच्या पिना स्प्रिंगच्या आहेत, त्या उडतात, म्हणून वर अंगठा धरून मग टोक दाबावं. एक पिन नसेल, ती माझ्याकडची, लॉकच्या पुडीत आहे. नव्या लॉकच्या बाजूला चार भोकं आहेत. पहिल्यांदा अगदी बाहेरच्या भोकात लावावं. पिन बसल्याचा टिक असा आवाज आला पाहिजे, नाही आला तर बसली नाही असं समजावं. मग दोन्ही टोकं धरून चांगलं ओढून बघावं.

माप सकाळी घेऊ नये. दुकानातही घेऊ नये. दुपारी तीनच्या पुढे, दाजींचं मीठ ओढून झाल्यावर, मिठागराच्या बांधावर, पान उघडून घ्यावं. चेनखाली एक बोट गेलं पाहिजे. शेठ, तुम्हाला चपला हातात घेऊन बांधावरून चालावं लागेल, माफ करा. पाऊस लागला की पान मिटावं आणि पिन एक भोक आत घ्यावी. हे ताईला दाखवून ठेवावं, म्हणजे दरवर्षी कोणाकडे जायला नको.

मग दाजींचं घड्याळ मनगटात बसलेलं असेल आणि ते घड्याळ घालून आलेले असतील. दोघांचाही शब्द राहतो. बाबा, त्या दिवशी तुम्ही दारात उभं राहावं. आत बसून खोकू नये.

कलम ७. असला कागद माणूस गेल्यावर उघडतात हे मला ठाऊक आहे. बाकीची कलमं तशीच उघडावीत. पाचवं आणि सहावं मात्र सलीम पोचला त्या दिवसापासून लागू. मी इथे पलंगावर बसून पेज पीत असलो तरी लागू.

कलम ८. ताईचा मुलगा अमोल वैशाखात तीन वर्षांचा होईल. त्याचं जावळ अजून काढलेलं नाही, केस कमरेपर्यंत आलेत, बाया विचारतात मुलगी का म्हणून. मामाच्या मांडीवर काढायचं म्हणून ताई थांबली आहे. माझी सुट्टी एप्रिलमध्ये आहे. ते जावळ बाबांच्या अंगणात निघालं पाहिजे, दाजींच्या देखत. मी असलो तर माझ्या मांडीवर, आणि मी असणार असं धरूनच हजामाला सांगून ठेवावं. नसलो तर बाबांच्या मांडीवर. पण त्या पोराला अजून थांबवू नये.

हा कागद मी परत वाचला. तीन ठिकाणी खोडलं आहे, तिथे सही केली आहे. मी धडधाकट परत आलो तर दोन, तीन आणि चार ही कलमं फाडून टाकावीत. चारबद्दल मी स्वतः येऊन बोलेन.

सही: रघुनाथ शिवा मोकल
ठिकाण: मस्कत. बुधवार, तारीख १८ फेब्रुवारी १९९८

साक्षीदार:

१) रोशन मोतीराम दळवी, राहणार कोलाड, सध्या मस्कत, हॉटेलात आचारी. माझ्यासमोर लिहिलं. लिहिणारा शुद्धीत आहे. बडबडतो, पण ते नेहमीचंच. मंगळवारी सोबत मी जाणार आहे.

२) सलीम हमदुले, राहणार रोहा. कागद आणि लॉकची पुडी मिळाली. शुक्रवारी निघतो, रविवारी दिनानाथशेठना घेऊन खारवाडीला जाईन आणि पाचवं कलम मोठ्याने वाचेन. ऐकून रघूचे बाबा जे बोलतील ते मंगळवारच्या आत फोन करून रघूला सांगायचं आहे. शिवी दिली तर शिवी, गाळायची नाही, अशी त्याने मला शपथ घातली आहे.