ओल लागलेले दाणे

प्रिय ताई,

तीन कागद फाडून झाले, हा चौथा. भाऊजी आता कठडा धरून जिना उतरतात, असं आई म्हणाली. ऐकून बरं वाटलं.

तू विचारायचीस, "दिवसभर त्या काळ्या दाण्यांशी काय खेळत बसतेस गं?" मी कधी धड सांगितलंच नाही. ते दाणे मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडचे. खाणीत आग लागली की कार्बन मोनॉक्साइड पसरतो. तो दिसत नाही, त्याला वासही नाही. खाणकामगाराच्या कमरेला लटकणाऱ्या मास्कच्या डब्यात हे दाणे असतात. वायू त्यांच्यावरून गेला की त्यांच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन उचलतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो. रिकामी झालेली जागा हवेतला ऑक्सिजन पुन्हा भरतो. पण दाण्यांना ओल लागली, तर त्या जागा पाणीच अडवून बसतं. मग विष जसंच्या तसं छातीत.

म्हणून दर खेपेतले काही डबे मी दमट हवेत तपासते. मार्चमध्ये त्या तपासणीचं यंत्र बंद होतं. साहेब म्हणाले, "आजवर एक तरी खेप नापास झालीय का? कर सही." लहानपणी शेजाऱ्यांची काच मी फोडली, तेव्हा मार तू खाल्लास. त्या दिवशी माझ्यापुढे उभं राहायला कुणी नव्हतं. डबे तपासल्याच्या दाखल्यावर मी सही केली.

सोमवारी त्या खेपेतले शिल्लक बारा डबे गुपचूप तपासले. सात मिनिटांत डब्यातून सुटणारा विषारी वायू मोजणारा काटा लाल पट्टीवर! झाकणं नीट बसलीच नव्हती. साहेबांना सांगितलं, तर त्यांनी दार लोटून घेतलं. "तोंड उघडलंस तर आधी तूच आत जाशील," म्हणाले. तरी मी खाणीच्या ऑफिसात फोन करून त्या खेपेचे सगळे डबे काढून ठेवायला लावले. तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं तरी दचकते.

खाणीतल्या आगीत भाऊजींनी घाबरून मास्क नीट लावला नाही, असं चौकशीत लिहिलं गेलं. तूही रागाच्या भरात त्यांना तेच बोललीस. ताई, त्यांनी मास्क नीटच लावला होता. त्यांचा डबा माझ्या सहीच्या खेपेतला होता. उद्या अकरा वाजता मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे हे सांगणार आहे. तुरुंगाची भीती वाटते, पण तुझी त्याहून जास्त. मला माफ कर असं लिहायचं धाडस नाही. हे पत्र आधी भाऊजींना वाचून दाखव, एवढंच कर.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
धाकटी