ओडरची ओटी

बाई, तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार पडून आहे. नववीत तुम्ही माझ्या नकाशाचा अर्धा गुण कापलात. ओडर नदी मी बाल्टिक समुद्रातून काढून डोंगरात नेऊन सोडली होती. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि पाणी खाली वाहते, एवढाच न्याय मी लावला होता. तुम्ही वर्गासमोर म्हणालात, "समुद्राचं पाणी डोंगर चढतंय व्हय रे? संस्कृतात पैकीच्या पैकी, आणि अक्कल न्हाय!"

पुढं नव्वदच्या दशकात, तुम्ही निवृत्त झाल्यावर, माझी मुलगी तुमच्याकडं भूगोल शिकायला यायची. भाकरी थापता थापता तुम्ही तिला परातीतल्या पिठात बोटानं तीच नदी काढायला लावलीत. उगम चेक डोंगरांत, मग पोलंडमधून वायव्येला, नायसे नदी येऊन मिळाली की जर्मनी-पोलंडची सीमा धरून उत्तरेला. पहिल्याच फटक्यात बरोबर! "बापापेक्षा शहाणी हाय पोर," हे तुम्ही मला ऐकू जाईल अशाच बेतानं म्हणालात.

ती पोर आता तिथंच आहे. जर्मन काठावर नोकरी, पोलिश काठावर सासर. पुलावरची पासपोर्टची तपासणी उठली आणि या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको गेलो. पुलाच्या मध्यावर हिनं पिशवीतून हळदकुंकू आणि खोबऱ्याची वाटी काढली, आणि नृसिंहवाडीला भरते तशी ओडरची ओटी भरली. वाटी पाण्यात पडते, एक गिरकी घेते आणि निघते. सूर्य डावीकडं कलतोय, म्हणजे समोर उत्तर! पोथीतल्या शब्दप्रमाणावर उभा जन्म काढला बाई, हे प्रत्यक्ष. मी ओरडलो, "चालली! बाल्टिकला चालली!" सायकलवरची एक गोरी आजी दचकून थांबली.

"अप्पा, हळू," मुलगी म्हणाली.

"वरडू दे की त्यास्नी," ही म्हणाली. "जन्मात पयल्यांदा भूगोल कळलाय."

मग पलीकडच्या देशात शिरलो. कुणी हटकलं नाही. म्हणून परत आलो, पुन्हा गेलो. बेळगावच्या वाटेवर नाक्यालासुद्धा एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहितो. मुलगी सुखात आहे, तिची काळजी नाही. ती परत येणार नाही, तेही आता पचलं. पण आम्हा दोघांतलं एक आधी जाणार, आणि मागं राहील त्याला रात्री "जेवलात का?" म्हणून विचारायला घरात कुणी नसेल. त्याची मला भीती वाटते. हिच्याजवळ अजून बोललेलो नाही.