केसरबाईंचं अर्धं डोकं

ती. उषाआत्येस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (हल्ली त्यांना सतत स्पिरिटचा वास येतो, कागदाला लागला असेल तर माफ कर). गुडघे कसे आहेत? त्यांची चौकशी आधीच उरकते, कारण पुढे सगळं माझंच रडगाणं आहे. तुझ्या सेलवासच्या घरात, टोकरखाड्याला, मी सुखरूप आहे. गॅलरीतली तुळस मात्र नाही.

तुला वाटत असेल, भाची मेंदूची ऑपरेशनं शिकते आहे. तसलं काही नाही. एमबीबीएस झाल्यावर, पुढची जागा मिळायच्या आधी, तीन महिने इथल्या मेंदूच्या सर्जनच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, हाताखाली पूर्वतयारी करायची आणि शेवटी त्यांचं शिफारसपत्र अर्जाला जोडायचं, एवढंच हे प्रकरण. पूर्वतयारी म्हणजे पेशंटच्या डोळ्यांत बॅटरी मारणं, दर तासाला त्याला नाव, वार, गाव विचारणं आणि ऑपरेशनआधी डोकं भादरणं. (यात मी इतकी तरबेज झाले आहे, की जागा मिळाली नाही तर नरोली रस्त्यावर दुकान टाकीन.)

गेल्या गुरुवारी दुधनीच्या केसरबाई आल्या. मासळीची पाटी घेऊन धरणाच्या काठावर घसरल्या होत्या, डोक्यात थोडा रक्तस्राव. सर म्हणाले, नुसतं लक्ष ठेव. बोलण्यात गोंधळ वाटला तर तीनदा विचारून खात्री कर आणि मला कळव. मी विचारलं. नाव बरोबर, वार बरोबर, आत्ता कुठल्या गावात आहात तर सेलवास, तेही बरोबर. मग राज्य कुठलं, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "राज्य नाय." तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच. फॉर्मवर 'गोंधळलेली' असं लिहून सरांना फोन केला. ते दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होते. डोकं तयार ठेव म्हणाले. मी उजवी बाजू साफ केली. कमरेपर्यंत केस होते गं, आत्या.

सर आले, त्यांनी तोच प्रश्न विचारला. केसरबाई शांतपणे म्हणाल्या, "राज्य नाय, सायेब. दिल्लीचा कारभार हाय."

सर माझ्याकडे वळले. "बरोबर आहे. केंद्रशासित आहे."

तू इथे अठरा वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस, पण घरातल्याच एका डोक्यात ते शिरलं नाही. पुन्हा स्कॅन काढला, रक्त होतं तेवढंच होतं. ऑपरेशन रद्द.

सर रागावले नाहीत. तीनदा विचारलंस ना, मग पद्धत चुकली नाही, म्हणाले. मला मात्र केसरबाईंकडे बघवत नव्हतं. महिनाअखेरीस त्यांच्या दुर्गाचं लग्न आहे, आणि नवरीच्या आईच्या अर्ध्या डोक्यावर वेणी, अर्ध्यावर काही नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यांना वाटतं, केस काढले म्हणूनच दुखणं गेलं. घरी जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू व्हतीस म्हणून वाचले, पोरी." फार लाज वाटते.

तुझी,
गौरी

ता. क. तुझं ते लांब काळं गंगावन लगेच पाठव. उरलेल्या केसांत गुंफून वर पदर घेतला, की लग्न निभावेल.

आणखी एक. वर तीनदा विचारलं असं लिहिलंय, ते खरं नाही. एकदाच विचारलं. फॉर्मवर तीन रकाने होते, ते एका दमात भरून टाकले. सरांनाही तीनदा असंच माहीत आहे, आणि परवा ते शिफारसपत्र देणार आहेत. त्यांना खरं काय ते आधी सांगू की नंतर? तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे, म्हणूनच फोन न करता पत्र टाकते आहे. पोस्टाला चार दिवस लागतात.