झरीच्या बैठकीचं माळवद

१९ मे, सोमवार

गळलं! झरीचं माळवद गळलं.

सकाळी साडेसहाला आबासाहेबांचा फोन. "म्याडम, काल सांजच्याला पाऊस झाला. बैठकीत पानी आलंय. या जरा." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

परभणीहून स्कूटीवर निघाले. वाटभर स्वतःला सांगत होते, दोन-चार थेंब असतील, म्हातारी माणसं घाबरतात. बैठकीचं दार उघडलं. पांढऱ्या गादीवर काळा चिखल. लोडांवर चिखल. मी एवढ्या हौसेने शिवून घेतलेल्या खणाच्या पडद्यांवर ओघळ. पार्वतीबाई शहाबादी फरशीवर उकिडव्या बसून फडक्याने टिपत होत्या. आणि वर किलच्यांमधून — तुळयांवर आडव्या टाकलेल्या त्या लाकडी पट्ट्यांमधून — अजून टिपटिप चालूच. मागचं सगळं घर सिमेंटचं, स्लॅबचं, ते ठणठणीत कोरडं. गळली ती फक्त मी आखलेली ही बैठक.

बन्सीधर मिस्त्री माझ्याआधी आलेले. चपला बाहेर काढून दारातच उभे. आबासाहेब त्यांना म्हणाले, "मिस्त्री, चाळीस वर्सं माळवदं घातली तुमी. अन् आमच्याच घरी आसं कामून?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी छताकडे बघायला लागले, जणू उत्तर तिथे लिहून ठेवलंय! मग तेच म्हणाले, "चुकलं, आबासाहेब. काढून दुसरं घालतो."

मी पार्वतीबाईंच्या हातातलं फडकं घेतलं आणि फरशी टिपायला बसले.

२० मे, मंगळवार

झोप नाही. इथे तरी खरं लिहावं. इथे कोण वाचणार आहे!

चूक त्यांची नाही. माझी आहे.

आबासाहेबांचा मुलगा पुण्याला. तो येतो-जातो तेव्हा गावाकडचं घर गावासारखं वाटावं ही आबासाहेब-पार्वतीबाई दोघा नवरा-बायकोची हौस. म्हणून घर नव्या पद्धतीचं, पण पुढे एक बैठक जुन्या रीतीची. सागवानी खांब, भिंतीत देवळ्या, दाराला पितळी कड्या आणि वर मातीचं माळवद. आर्किटेक्चरचं कॉलेज संपल्यावर माझं पहिलं स्वतंत्र काम. पार्वतीबाई आधी तयार नव्हत्या. किल्लारीच्या भूकंपापासून त्यांना मातीच्या छताची भीती. मी सगळा भार आत दडवलेल्या लोखंडी खांबांवर घेतला, भिंतीवर येऊच दिला नाही, आणि ते त्यांना कागदावर काढून दाखवलं. "बरं बाई," म्हणाल्या, हसल्या. इथपर्यंत मी हुशार.

मग मातीचा दिवस आला. किलच्यांवर कडुनिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर वीतभर पांढरी माती — ही मिस्त्रींची रीत. पांढरी गावठाणातून आणायची, म्हणजे परवानगी, ट्रॅक्टर, आठ-दहा दिवस. अक्षय तृतीयेचा गृहप्रवेश तर तोंडावर आलेला. अंगणात विहिरीच्या खोदकामाची काळी माती ढीगभर पडून होती. मी वाचलं होतं की काळ्या मातीत चुना घातला की ती फुगत नाही. खरंच आहे ते. पण चुना किती, मुरवायचा किती दिवस, आधी नमुना करून बघायचा — यातलं मी काही म्हणजे काही केलं नाही. अंदाजाने पोती ओतायला लावली.

मिस्त्री म्हणाले, "म्याडम, काळी रानात बरी, घरावर न्हाई. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतेत, बघितल्या न्हाईत का?"

बघितल्यात! जन्मले मी इथे. लहानपणी त्या भेगांत माझी एक चप्पल गेलीय. आणि मी त्यांना काय म्हणाले? "मिस्त्री, तुम्ही माती बघू नका, ड्रॉइंग बघा." मजुरांच्या देखत. बाबांपेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत ते. त्यांनी आणखी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "जमत नसेल तर दुसरा माणूस बघते." मग त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि घमेलं उचललं.

गृहप्रवेशाला माळवद झकास दिसत होतं. फोटो काढले, शंभर जणांनी विचारलं, कोणी केलं. "मी," म्हणाले. तेव्हा मिस्त्री आठवले नाहीत. काल आठवले!

२१ मे, बुधवार

मातीच्या दिवशीचा एक व्हिडिओ फोनमध्ये होता. रीलसाठी काढलेला. त्यात मागून मिस्त्रींचा आवाज येतो, स्वच्छ — "काळी नका घालू, म्याडम, ऐका."

डिलीट केला. मग डिलीट केलेल्यांच्या यादीत जाऊन तिथूनही काढला. माती नीट कालवता आली नाही, पण हे काम किती व्यवस्थित केलं.

लाज वाटते. तरी केलं.

२३ मे, शुक्रवार

पिंगळीच्या राजेश्री मॅडमचा फोन. शाळेत शिकवतात. झरीची बैठक पाहून त्यांनाही नव्या घरापुढे माळवदाची ओसरी करायचीय. गळल्याचं त्यांच्या कानावर गेलंय. तरी म्हणाल्या, "माळवद घालायचं म्हणजे घालायचंच. फक्त मिस्त्री दुसरा बघा. त्यांचं वय झालं म्हणे, चुकायलेत आता."

मी म्हणाले, "बघते."

एवढंच. बघते! "नाही हो, ते नाही चुकले" म्हणायला किती वेळ लागला असता? चहाला उकळी यायच्या आत झालं असतं.

२४ मे, शनिवार

आई म्हणाली, तोंड का उतरलंय. ऊन लागलं म्हणाले.

२५ मे, रविवार

झरीला गेले. न जाऊन कुठे जाणार.

मिस्त्री वर चढून काळी माती उकरत होते. एकटेच. घमेली भरायची, शिडीने खाली आणायची, परत वर. मी म्हणाले, दोन मजूर लावू. "नगं," म्हणाले. मग पाला खाली पडला होता तो मी उचलून द्यायला लागले, तर "र्‍हाऊ द्या, हात खराब व्हतील." टोमणा नव्हता तो. खरंच म्हणाले. टोमणा असता तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

अंगणात पांढऱ्या मातीचा ढीग होता. पार्वतीबाईंना विचारलं, परवानगी एवढ्या लवकर कशी मिळाली. त्या म्हणाल्या, "कशाची परवानगी! मिस्त्रीनं सोताच्या घराचं मागलं माळवद उकलून आणलीय. मी नगं म्हणलं, तर ऐकंना. माझ्या हातचं गळालं, म्याच भरून देतो म्हणतो."

मला खाली बसावंसं वाटलं. बसलेही, ओट्यावर. पार्वतीबाईंना वाटलं उन्हाने चक्कर आली. भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा समोर ठेवला. पाठीवरून हात फिरवला. "तू कशाला एवढी बेजार व्हायलीस पोरी? तुजं काय चुकलं त्यात?"

घास फिरत राहिला तोंडात. गिळवेना. तो घास गिळायला मी तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांना "ठेचा तिखट आहे" म्हणाले.

खोटं बोलायला मला आता विचारही करावा लागत नाही.

२८ मे, बुधवार

आज आबासाहेबांना फोन लावला. रिंग गेली. कापला. त्यांनी परत केला तर मी विचारलं, पडदे धुवायला टाकले का!

आरशासमोर उभं राहून म्हणून पाहिलं. "चूक माझी होती." आरशात बरं जमतं.

३१ मे, शनिवार

सांगितलं!! सगळं सांगितलं!

माळवद पूर्ण झालं. मिस्त्रींनी उतार इतका सुबक काढलाय की पाणी आपसूक पन्हाळीकडे धावतं. आबासाहेबांनी शेजारची पाच-सहा माणसं बोलावली होती आणि वर वीस बादल्या पाणी ओतायला लावलं. आम्ही सगळे खाली, माना वर करून. एक थेंब नाही. पार्वतीबाईंनी हाताने तुळई चाचपून पाहिली. कोरडी.

चहा आला. एक जण हसत म्हणाला, "मिस्त्री, पयल्यांदाच आसं घातलं आसतं तर!" बाकीचेही हसले. मिस्त्री कपाकडे बघत होते. आणि मी उठले.

म्हणाले, "पहिल्यांदा गळलं त्यात मिस्त्रींची काही चूक नाही. काळी माती माझी आयडिया. त्यांनी तीनदा सांगितलं, काळी घालू नका, फाटेल. मी ऐकलं नाही. उलट दुसरा माणूस बघते म्हणाले. आणि गळलं तेव्हा गप्प बसले."

आबासाहेबांनी कप खाली ठेवला. "म्हंजी मिस्त्रीला ठाऊक व्हतं, ही गळणार?"

"पूर्ण ठाऊक होतं," मी म्हणाले. मोठ्याने. मला वाटलं, आता तरी यांना कळू दे, माणूस किती जाणता आहे! "बरं," आबासाहेब म्हणाले आणि मिस्त्रींकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "तुमी सांगितलं ही बरं केलं, म्याडम." पार्वतीबाईंनी जवळ घेतलं. मी रडले, लहान पोरीसारखी.

नंतर पाहिलं तर मिस्त्री निघून गेले होते. चहा तसाच. भरून आलं असेल त्यांना. अशा माणसांना चारचौघांत कौतुक सोसत नाही.

राजेश्री मॅडमनाही लगेच फोन करून सगळं सांगितलं. "असं होय," म्हणाल्या. "विचार करून कळवते."

किती हलकं वाटतंय! बारा दिवसांनी पोटभर जेवले. वाईट वागले, पण शेवटी निस्तरलं. एवढं तरी स्वतःबद्दल लिहायला हरकत नाही.

२ जून, सोमवार

राजेश्री मॅडमनी कळवलं. मिस्त्री दुसराच हवाय.

मिस्त्रींच्या घरी गेले. मागच्या खोलीला वर नुसत्या किलच्या, त्यांतून आभाळ दिसतं. ते खाली बसून थापी धूत होते. बसा म्हणाले नाहीत. मी माफी मागायला लागले, तर हाताने थांबवलं.

"निस्तं चुकलं म्हणत व्हते, तवर बरं व्हतं म्याडम. म्हातारं झालं, चुकलं. चार म्हैन्यांत इसरले आसते लोक. आता समदं गाव इचारायलंय, ठाऊक व्हतं तर घातली कामून?"

मी म्हणाले, मी पुन्हा सगळ्यांना सांगते, मीच धमकी दिली होती.

"ते तर तुमी सांगितलंच की. आता त्येच बोलायलेत. काम जाईल म्हणून बन्सीधरनं बघून-समजून लोकाच्या घरावर काळी घातली."

थापी उलटी करून उन्हात ठेवली त्यांनी.

"अन् खोटं न्हाई ते," म्हणाले.