वंदना नावाची भांडी

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी,
परतूर, जि. जालना.

विषय : ‘सौ. वंदना’ असे कोरलेली भांडी सौ. वंदना हिच्याकडेच राहू देणेबाबत.
संदर्भ : घटस्फोट व स्त्रीधन परतीचा न्यायालयीन आदेश.

महोदया,

मी, भागवत कारभारी ढवळे, रा. वाटूर, विनंतीपूर्वक कळवतो की,

१. माझी पूर्वपत्नी सोनूबाई, रा. केदारखेडा, हिचे नाव लग्नात आमच्या रिवाजाप्रमाणे बदलून वंदना ठेवले. तिच्या वडिलांनी ते आधी फोनवर विचारून घेतले आणि आंदणाच्या सर्व भांड्यांवर कोरून आणले. लेकीचे मूळ नाव कोरले असते तर आज वाद नव्हता.

२. आदेशात ‘पत्नीच्या नावाची भांडी पत्नीला’ असे आहे. आपण पंच व सोनूबाईसह आलात तेव्हा सर्व भांडी अंगणात मांडून ठेवली होती. सोनूबाईच्या आधार कार्डावर आता सोनूबाई हेच नाव आहे. वंदना त्या वेळी आपल्यासाठी चहा करत होती. माझे दुसरे लग्न वैशाखात झाले. नवरीचे नाव वंदनाच ठेवले. वेगळे ठेवून भांडी वाया घालवण्याचे कारण नव्हते.

३. पंच काकासाहेब यांनी “भागवत, बिलकुल लाज न्हाई का रं तुला?” असे विचारले. प्रश्न भांड्यांविषयी नसल्याने उत्तर दिले नाही. सोनूबाई घागरीवर हात ठेवून “बापानं ऊस तोडून घेतल्ती ही” असे म्हणाली. पावती मात्र दाखवू शकली नाही.

४. जाताना ती म्हणाली, “ठिवा भांडे. नावबी ठिवा तुमचं. माझी कार्तिकी माझ्यापाशी हाये, बस झालं.”

हे ऐकेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

आदेशात मुलीचा ताबा ‘आईकडे’ असा आहे. जन्मदाखल्यावर आईचे नाव वंदना आहे. वंदना वाटूरला राहते.

तरी सौ. वंदना हिच्याकडे ठेवावयाची यादी पुढीलप्रमाणे दुरुस्त व्हावी :

घागर, पितळी — १
परात — १
पिंपे — २
डबे, झाकणासह — ५
मुलगी, कार्तिकी, वय ६ — १

मुलगी लहान आहे. आई कोणाला म्हणायचे ते शिकवता येईल.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून असलेला,
भागवत कारभारी ढवळे
दि. १२ जून २०२५

सोबत :
१) भांड्यांचे फोटो. नाव स्पष्ट दिसते.
२) मुलीचा जन्मदाखला.
३) मुलगी स्वीकारण्यास सौ. वंदना हिची लेखी संमती. (पहिल्या दोन प्रतींवर तिने चुकून माहेरच्या नावाची सही केली. समज दिली आहे. तिसरी प्रत जोडली आहे.)