एकतिसावा नंबर

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सलमा,

काल शाळेच्या हॉलमध्ये मी खोटं बोलले आणि ते तू ऐकलंस. म्हणून हे पत्र लिहिते आहे. एरवी मी पत्रं लिहिणारी बाई नाही, तुला ठाऊकच आहे. सांगायचं ते तोंडावर सांगायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, अशी माझी रीत. पण काल तोंडावर सांगायची वेळ आली तेव्हा तोंडातून भलतंच निघालं.

आजी-आजोबांसाठी सिनेमा ठेवलाय म्हणून आदितीनं मला ओढत नेलं. मला वाटलं, मुलांचा सिनेमा, दोन तास डुलकी काढू. तू आमच्या मागच्याच रांगेत होतीस. दिवे जायच्या आधी पुढं वाकून म्हणालीस, "बाई, ओळखलंत? सलमा. गौस कल्हईवाल्यांची." मी "हो हो, बस" म्हटलं आणि पडद्याकडं तोंड केलं. ओळखलं तर होतंच. केसांत पांढरं आलंय, चष्मा आलाय, पण बोलायच्या आधी ओठ घट्ट मिटायची तुझी सवय तशीच आहे. आदितीच्या वर्गातली नुजहत तुझी नात, तुझ्या लेकीची, सबिनाची मुलगी, हे मला कालच कळलं. आदिती रोज तिचं नाव घेते, पण कुणाची कोण हे मी कधी विचारलं नव्हतं.

सिनेमातली ती काळी मुलगी, गोऱ्यांच्या शाळेत पहिलीच आलेली. तिचं बाक कोट टांगायच्या खुंट्यांपाशी सरकवतात, ते पाहिलंस ना? आणि ते दोन नळ. एकावर पाटी, दुसऱ्यावर वेगळी पाटी. ती मुलगी दोन्हींकडं बघते आणि तहान गिळून वर्गात जाते. तिथं मी आदितीची बाटली ओढून घेतली आणि घटाघटा पाणी प्यायले. सिनेमा संपला, दिवे लागले, आणि आदितीनं तिच्या त्या खणखणीत आवाजात विचारलं, "आज्जी, तुझ्या वर्गात होती का गं अशी कुणी?" मी म्हटलं, "छे. आपल्याकडं असलं काही नव्हतं." तू नुजहतच्या बाटलीचा पट्टा नीट करत होतीस. हात थांबला नाही तुझा. फक्त ओठ मिटले.

रात्रभर काही नाही, नीट झोपले. खोटं कशाला सांगू? पण सकाळपासून एका जागी बसवत नाही. पूजा अर्धवट टाकून उठले. कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरले, भाताचा गोळा झाला. केतन म्हणाला, "आई, बरं नाही का?" मी म्हटलं, बरं आहे, मला टेबल मोकळं करून दे. आता या टेबलावरूनही दोनदा उठून आले.

तुझे वडील तुला घेऊन आले तो जून मला आठवतो. त्र्याऐंशी साल. तू उर्दू शाळेतून चौथीत आलीस, बेचाळीस मुलींत एकटी. शाहूपुरीतलं त्यांचं दुकान बंद ठेवून आले होते, हाताची बोटं काळी, पण सदरा परीटघडीचा. मला म्हणाले, "बाई, मी जलमभर भाता मारला. हिनं का मारावा? हिला कचेरीत खुर्चीवर बसलेली बघायची हाय मला. चुकली तर हाणा, पर मागं ठिवू नगा." आमच्या घरची पातेली वर्षातून दोनदा त्यांच्याकडंच जायची. माझ्या सासूबाई कांदासुद्धा घरात येऊ द्यायच्या नाहीत, पण गौसभाईंच्या हातची कल्हई त्यांना चालायची. म्हणायच्या, आगीतून गेलं की सगळं शुद्ध. मी बी.एस्सी., बी.एड. झालेली. मी मनात हसायचे त्यांना.

आता पाण्याचं. आदितीला हे सांगावं लागेल, म्हणून आधी तुझ्यापाशी नीट मांडते. वर्गाच्या दाराशी माठ होता. रोज एका मुलीची पाळी, हजेरीच्या नंबरानं. पाळीच्या मुलीनं लवकर यायचं, माठ विसळायचा, तोंडावर गाळणं बांधायचं, चिमणाबाई शिपाईणीनं आणलेल्या बादलीतलं पाणी तांब्यानं ओतायचं. मग दिवसभर ओगराळं तिच्या हातात. जिला तहान लागेल तिनं तिच्यापुढं ओंजळ धरायची. ही पद्धत मीच सुरू केली होती आणि तिचा मला अभिमान होता. मुलींना त्या ओगराळ्याचं काय वेड! पाळीच्या दिवशी रिबिनी नव्या असायच्या. आम्हा जैनांकडं पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत, म्हणून गाळणं दुहेरी घडीचं हवं, हा माझा नियम. अर्ध्या मुली ते एकेरीच बांधायच्या आणि माझं ऐकून घ्यायच्या.

तुझा नंबर एकतीस. जुलैच्या शेवटी तुझी पाळी आली. तू सात वाजता येऊन बसली होतीस, चिमणाबाईच्याही आधी. मी आले तेव्हा ती मला फाटकातच म्हणाली, "बाई, कल्हईवाल्याची पोरगी कवाधरनं उभी हाय. नवं गाळणं आणलंय तिनं, बघा तरी." पांढरं मांजरपाट, कडेनं हिरव्या दोऱ्यानं हातशिलाई. तुझ्या आईनं आणि तू मिळून शिवलेलं. तू ते उघडून मला दाखवलंस. दुहेरी घडी, काठाला काठ जुळवलेला. बेचाळीस मुलींत पहिल्याच खेपेला बरोबर आणणारी तू एकटी.

आणि मी म्हटलं, "सलमा, आज राहू दे. तू लांबून येतेस, दमशील. तुझ्या सोयीसाठीच सांगते. बत्तीस नंबर, पद्मा, चल, माठ भर."

तू वाद घातला नाहीस. गाळण्याची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "ठेवा बाई, पुढच्या फेरीला लागेल." पुढची फेरी दिवाळीनंतर आली. तीस झाले, मी पुन्हा बत्तीस म्हटलं. त्या वेळी तू मान वर केलीच नाहीस. पुस्तकात बोट ठेवून बसलीस. पद्माच एकदा माझ्याकडं, एकदा तुझ्याकडं बघत उभी राहिली. नऊ वर्षांची पोर ती, तिला कळलं होतं.

इतकी वर्षं मी मला सांगत आले की पालक ओरडले असते. काळ तसा होता, हेडमास्तरांना तोंड द्यावं लागलं असतं. इथं लिहायला बसले तेव्हाही हेच वाक्य आधी सुचलं. लिहिलं होतं, खोडलं. खरं असं की कुणी आलं नव्हतं. एकही आई, एकही बाप. हेडमास्तरांना मी आदल्या दिवशी आपण होऊन विचारलं होतं, की सर, उद्या त्या मुलीची पाळी आहे, काय करू? ते वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "नंबर आला तर भरेल की. त्यात काय विचारायचं?" म्हणजे शाळेनं अडवलं नाही, पालकांनी अडवलं नाही. त्या माठातलं पाणी दुपारी मलाही प्यायचं होतं, सलमा. तेवढंच कारण होतं.

डिसेंबरातल्या खेळांच्या दिवशी तू लंगडीच्या रिंगणात चक्कर येऊन पडलीस. मी चिमणाबाईवर ओरडले, पाणी आण म्हणून. तिनं तुला मांडीवर घेऊन स्वतःच्या तांब्यातलं पाजलं आणि मला सगळ्यांदेखत म्हणाली, "आजच न्हाई, पोरगी जूनपास्नं साळंत पाणी पीत न्हाई. वर्ग तुमचा न्हवं?" जुलै नाही, जून. म्हणजे पाळीच्या कितीतरी आधी तुला ओळखू आलं होतं, की त्या माठापुढं ओंजळ धरायची की नाही. माझ्या चेहऱ्यावरूनच आलं असणार. तरीही तू गाळणं शिवून आणलंस. तुला वाटलं असेल, नियमाप्रमाणे आणलं तर बाई नाही म्हणणार नाहीत. चौथीच्या निकालात तू वर्गात दुसरी होतीस. जूनमध्ये पाचवीच्या यादीत तुझं नाव नव्हतं. गौसभाई परत उर्दू शाळेत घेऊन गेले. दाखला न्यायला आले तेव्हा मला भेटले नाहीत, खिडकीवरूनच गेले. पातेली मात्र त्या वर्षीही चकचकीत करून पाठवली.

हे जुनं झालं. पण आज मला बसू देत नाही ते एवढंच नाही. नुजहत गेले दोन आठवडे शाळेत डबा उघडत नाही. तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. घरी डबा रिकामा येत असेल, कारण ती त्यातलं सगळं घरी येताना रिक्षावाल्या काकांना देते. हे आदितीनं मला सांगितलं होतं. "आज्जी, नुजहत म्हणते तिला भूकच नसते." मी म्हटलं, नसेल. वाटाणे सोलत होते, सोलत राहिले. काल सिनेमातल्या त्या मुलीनं नळाकडं बघून तहान गिळली तेव्हा मला नुजहतचा डबा आठवला आणि तू आठवलीस, दोन्ही एकदम.

डबा ती का उघडत नाही, तेही आता लिहिते. तिसरीच्या पालकांत महिनाभर डब्यांवरून बोलणं चाललं होतं, आता त्यांचा एक अर्ज फिरतो आहे. डब्यात अंडं, मटण आणणाऱ्या मुलांना वेगळ्या टेबलावर बसवावं. बुधवारी शाळेत त्यावर बैठक आहे. अर्जात कुणाचं नाव नाही. या गावात तांबडा-पांढरा रस्सा घरोघरी होतो, वर्गातली निम्मी पोरं अंडी आणतात. त्यांना कुणी उठवणार नाही. वेगळ्या टेबलावर कोण जाणार हे सगळ्यांना माहीत आहे, आणि मुलांना आपल्याआधी कळतं. नुजहत डबा बंद ठेवायला लागली त्या दिवशी मेथीचे पराठे आणून बसली होती, तरी कुणीतरी म्हणालंच, "तुझं टेबल ते." हा अर्ज माझ्या केतननं लिहिला आहे. चांगलं मराठी लिहितो, मीच शिकवलं. गुरुवारी तो माझ्यापुढं घेऊन आला. म्हणाला, "आई, पहिली सही तुझी. मगदूम बाईंची सही बघितली की कोण काय विचारत नाही." मी वाचला. 'मुलांच्या सोयीसाठी' असं लिहिलेलं होतं. आणि मी सही केली.

झालं, लिहिलं. गुरुवारी सही केली आणि शनिवारी आदितीला सांगितलं की आपल्याकडं असलं काही नव्हतं. माझी ओळखच अशी की माझ्या सहीखाली सोळा जणांनी डोळे मिटून सह्या केल्या. आज दुपारी केतन बाहेर गेल्यावर मी तो अर्ज त्याच्या टेबलावरून उचलला. आल्यावर चिडेल, चिडू दे. दुसरा लिहील, लिहू दे. त्यावर माझी सही नसेल. बुधवारी मी बैठकीला जाणार आहे आणि उभी राहून माठाची गोष्ट सांगणार आहे, माझं नाव घेऊन. तुझं नाव घ्यायचं की नाही, ते तू सांगशील तसं. नको म्हणालीस तर एकतीस नंबर एवढंच म्हणेन. आदितीला मात्र मी आजच सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग तिनं पाणी कुठं प्यायलं?"

मी माफी मागत नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, आणि तुझ्याकडून मी पुष्कळ घेतलंय. उद्या सकाळी दहा वाजता हे पत्र मी स्वतः घेऊन येते, घर कुठं ते आदितीनं सांगून ठेवलंय. दारातच देईन. आत बोलावलंस तर येईन आणि पाणी दिलंस तर घेईन. तुझ्या घरी जसं असेल तसं.

तुझीच म्हणायचा हक्क मी त्या जुलैत घालवला. तरी चौथी 'ब'ची तुझी बाई,

रत्नाबाई मगदूम

पत्रासोबत सलमाच्या हाती दिलेलं:

गाळणं, मांजरपाटाचं, हिरव्या दोऱ्याच्या काठाचं, एक. न वापरलेलं. रविवारी धुतलं.

१९८३च्या टाचण वहीतलं पाळ्यांचं पान, एक. तीस आणि बत्तीसच्या मधली ओळ कोरी आहे. तशीच ठेवली आहे.

अर्ज, मूळ प्रत, एक. सह्या सतरा, पहिली माझी. झेरॉक्स काढलेली नाही.